हिरवळीखालची हुमणी

नाशकात पाऊस परतला की ऑक्टोबरचं ऊन चढतं आणि बंगल्यापुढच्या लॉनवर पिवळे चट्टे उमटू लागतात. मालक पाणी वाढवतो, माळी युरिया फेकतो. एवढं करूनही चट्टा पसरतच राहिला, तर तिथलं गवत मुठीत धरून वर ओढून पाहावं. मुळं शाबूत असतील तर ते सहजी निघत नाही. गुंडाळलेल्या सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असण्याची दाट शक्यता.

निफाडकडच्या ऊसवाल्यांना हुमणीची ओळख करून द्यायला नको. शहरात मात्र ती ‘कसली तरी पांढरी अळी’ असते. वळवाच्या सरी पडल्या की मे-जूनमध्ये तिन्हीसांजेला हुमणीचे प्रौढ भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी दोनदा कात टाकते. तिसऱ्या अवस्थेत ती सगळ्यात जाड आणि सगळ्यात खादाड असते, आणि ही अवस्था साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येते. पावसाळ्यात ओल भरपूर असल्याने अर्धवट मुळांवरही गवत तग धरून राहतं. ऊन तापलं की बिंग फुटतं.

फवारणीआधी खणून बघा. हिरवा आणि पिवळा भाग जिथे भेटतात तिथे फूटभर चौकोन, दोन-तीन इंच खोल, एवढं पुरे. एखाद-दुसरी अळी निघाली तर सोडून द्या. निरोगी लॉन तेवढं सोसतं. चौरस फुटाला 5 ते 10 निघाल्या तर उपाय करायचा, असा जाणकारांचा ढोबळ अंदाज. सापडलेली अळी फरशीवर ठेवून पाहण्यात तर गंमतच आहे. पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फुलांवरच्या भुंग्याची. कुजका पाला खाऊन जगणारी ही अळी बहुतेकदा शेणखतातून येते. तिला मारायचं कारण नाही. हुमणी अशी उताणी चालत नाही.

मुळं पक्की पण पाती कुरतडलेली, असं दिसलं तर संशय लष्करी अळीवर. ती दिवसा गवताच्या बुडाशी दडते आणि रात्री खाते. बादलीभर पाण्यात भांड्यांचा थोडा लिक्विड साबण मिसळून चट्ट्यावर ओता. असेल तर काही मिनिटांत वर येते. हुमणी या युक्तीला दाद देत नाही. लॉनवर साळुंक्या आणि गायबगळे चोची खुपसत असतील तर त्यांना हाकलू नका, त्यांचं काम चालू आहे.

औषधांमध्ये माझा कल मेटारायझियम या बुरशीकडे. 1879 मध्ये आजच्या युक्रेनमधल्या ओडेसात जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी हीच बुरशी अभ्यासली होती. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, रुजतात, कातडी विरघळवत आत शिरतात. मेलेली अळी आधी पांढरी, मग हिरवी पडते. मोठ्या अळीवर मात्र ही बुरशी सावकाश चालते, म्हणून तिची खरी वेळ जुलै-ऑगस्ट. आता टाकायचीच तर ओल्या मातीत, संध्याकाळी, कारण ऊन बीजाणूंना मारतं. आणि नाशिककरांसाठी खास सूचना: द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर ज्या पंपाने बुरशीनाशकं मारली, तोच पंप मळ्यातून मागून आणू नका. हीही बुरशीच आहे, नळीत उरलेल्या औषधाने मरेल.

दुसरा पर्याय सूत्रकृमींचा, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींचा. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात 1992 मध्ये कोइम्बतूरच्या नमुन्यांवरून नोंदली गेली. हा कृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्या पोटातले जिवाणू सोडतो, आणि साधारण दोन दिवसांत अळी मरते. त्यालाही ओल लागतेच.

दिवाळीच्या आसपास अळी खाणं थांबवून खोल जाते, मातीची कोठडी करून कोषात जाते. त्यानंतर वरून ओतलेलं कुठलंही औषध म्हणजे पैसे मातीत. तोवर झालेलं नुकसान हरळी आपल्या आडव्या धावत्या खोडांनी भरून काढते. चट्ट्यात चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत पसरून पाणी देत राहायचं. मग पुढच्या जूनमध्ये, पहिल्या सरीनंतर, अंधार पडताना कुंपणाजवळच्या कडुनिंबाची फांदी हलवायची आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. शेजाऱ्यांनाही बोलवावं, कारण भुंगेरे काही कुंपण पाहून उडत नाहीत.