अनलोडर व्हॉल्व्ह आला कुठून

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा मोटरपाठोपाठ 'फुस्स' करून थोडी हवा सुटते. गाडी धुणाऱ्या मशीनची गन सोडली की फवारा बंद होतो, पण इंजिन थांबत नाही. त्याचा आवाज तेवढा हलका होतो. दोन्हीकडे काम करणारा भाग एकाच कुळातला: अनलोडर, म्हणजे यंत्रावरचा भार उतरवणारी झडप. पुष्कळ जण त्याला सेफ्टी व्हॉल्व्हचाच एक प्रकार समजतात आणि दुरुस्तीतले बरेच घोळ तिथूनच सुरू होतात. या दोघांचा जन्म वेगवेगळ्या काळातला आहे, आणि वेगवेगळ्या गरजांपोटी झालेला आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह आला तो भीतीपोटी. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ च्या सुमारास लंडनमध्ये हाडेसुद्धा मऊ होतील असे बंद भांडे तयार केले. ते फुटू नये म्हणून त्याने त्याला झडप बसवली आणि तिच्यावर वजन लावलेली दांडी ठेवली. ठराविक दाबाच्या वर गेले की झडप उचलली जाणार आणि वाफ बाहेर जाणार. पुढे बॉयलरवर हीच युक्ती आली. पण झडप असली तरी ती बांधून ठेवणारे हात असतातच. १८०३ मध्ये ग्रीनिचला रिचर्ड ट्रेविथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसे गेली. त्यानंतर ट्रेविथिकने दोन झडपा बसवायला सुरुवात केली आणि त्यांतली एक चालवणाऱ्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. सेफ्टी व्हॉल्व्हचे काम तेव्हा ठरले ते आजही तेच आहे: बाकी सगळे फसले तर शेवटी उघडायचे. ती रोज उघडू लागली तर दुसरे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

मग त्याच वाफेच्या जमान्यात पंप आणि कॉम्प्रेसरही होते, त्यांना अनलोडर का लागला नाही? याचे उत्तर वाफेच्या स्वभावात आहे. विल्यम आर्मस्ट्राँगने १८५० च्या दशकात गोद्यांमधल्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्रेनसाठी दाब साठवून ठेवणारा अॅक्युम्युलेटर आणला. एका उभ्या सिलिंडरमध्ये दांडा, दांड्यावर टनावारी वजन, आणि खालून पंपाने ढकललेले पाणी. क्रेन चालत नसल्या की दांडा वर चढत जाई आणि टोकाला पोचला की इंजिनाची वाफ बंद करी. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या एअर ब्रेकमध्येही तसेच. इंजिनाच्या अंगावर वाफेवर चालणारा हवेचा पंप असे, पुढच्या काळात टाकी भरली की गव्हर्नर, म्हणजे दाब पाहून काम करणारी झडप, त्याची वाफ तोडे. समजा तोडली नाही, तरी वाफेचा आणि हवेचा जोर बरोबरीला आला की पंपाचा दांडा आहे तिथे अडून बसे. काही जळत नसे. वाफ पुन्हा मिळाली की तिथूनच, भरल्या दाबाविरुद्ध, तो पुन्हा हलू लागे. वाफेच्या पंपाला अडून बसणे ही शिक्षा नव्हतीच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विजेची इंडक्शन मोटर आणि तेलावर चालणारी इंजिने आली आणि ही चैन संपली. इंजिन अडले की बंद पडते. मोटर अडली तर त्याहून वाईट: ती गुंगुं आवाज करत पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. टाकीतल्या सात-आठ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाविरुद्ध ती जागची उठूही शकत नाही. शिवाय मोठी मोटर घडोघडी बंद-चालू करणे परवडत नाही, आणि इंजिनाला पट्ट्याने जोडलेला कॉम्प्रेसर थांबवायचा तर इंजिनच थांबवावे लागते. यंत्र फिरत राहू दे, फक्त त्याच्या अंगावरचा भार काढून घे, ही अनलोडरची कल्पना या अडचणीतून पुढे आली.

कॉम्प्रेसरमध्ये ती सोपी झाली ती पातळ पोलादी झडपेमुळे. १८९४ मध्ये हान्स हॉर्बिगर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने भट्टीला हवा देणाऱ्या यंत्रातली लवकर फाटणारी चामड्याची झापडे काढून त्याजागी पोलादी झडप आणली. (याच माणसाने चंद्र बर्फाचा आहे असे ठरवून त्यावर अख्खे विश्वशास्त्र रचले. झडप टिकली, बर्फ वितळला.) स्प्रिंगवर उघडझाप करणारी अशी पातळ चकती एका काट्याने दाबून उघडी धरता येते. सक्शनची, म्हणजे हवा आत घेणारी, झडप उघडी राहिली की पिस्टन हवा आत घेतो आणि त्याच वाटेने परत सोडतो; दाबत काहीच नाही. टाकीचा दाब उतरला की काटा मागे सरतो आणि काम पुन्हा सुरू होते.

आपल्याकडे हे ठळकपणे दिसले ते रेल्वेच्या डिझेल इंजिनांत. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलेल्या आणि पुढे वाराणसीत बनलेल्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये एक्सप्रेसर नावाचे जोडयंत्र होते. गाडीच्या व्हॅक्यूम ब्रेकसाठी नळीतली हवा ओढून घेणारा एक्झॉस्टर आणि इंजिनाच्या स्वतःच्या हवेसाठी कॉम्प्रेसर, दोन्ही एकाच धडात. ते थेट मुख्य इंजिनाच्या शाफ्टला जोडलेले, म्हणजे इंजिन फिरते आहे तोवर तेही फिरणारच. म्हणून एनएस-१६ हा गव्हर्नर मुख्य टाकीत १० किलो झाले की कॉम्प्रेसर अनलोड करी आणि ८ किलोला आले की पुन्हा लोडवर घेई.

गॅरेजमधला छोटा कॉम्प्रेसर याहून साधा. तिथे मोटर खरोखरच बंद होते. फक्त बंद होताना प्रेशर स्विचखालची बारीक झडप पंपापासून टाकीच्या एनआरव्हीपर्यंतच्या (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेपर्यंतच्या) नळीतली हवा सोडून देते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर मोकळी उठते. तोच तो 'फुस्स'. आवाज आलाच नाही आणि पुढच्या वेळी मोटर गुंगुं करून ट्रिप झाली, तर ही झडप पाहावी. पण मोटर थांबल्यावर हवा सुटतच राहिली, तर अनलोडर बदलून उपयोग नाही. एनआरव्ही गळते आहे आणि टाकीच त्या वाटेने रिकामी होते आहे. कितीतरी चांगले प्रेशर स्विच या एका गैरसमजापायी भंगारात गेले असतील.

पाण्याची गोष्ट जास्त कडक आहे, कारण पाणी दबत नाही. हवेचा कॉम्प्रेसर चुकला तरी टाकीत थोडा वेळ मिळतो. दांड्याने पाणी ढकलणाऱ्या प्लंजर पंपाचे तोंड बंद झाले तर पुढच्याच फेऱ्यांत होज फुटतो, नाहीतर इंजिन आचके देत थांबते. युरोपात आल्फ्रेड कार्शरने १९५० मध्ये गरम पाण्याचे हाय-प्रेशर मशीन आणले. १९७७ मध्ये इटलीत इंटरपंप कंपनी सुरू झाली आणि सिरॅमिक प्लंजरच्या आटोपशीर पंपांवर तिने जम बसवला. १९८४ मध्ये कार्शरचे एचडी ५५५ थेट घरगुती गिऱ्हाइकासाठी आले. आता मशीन हौशी माणसाच्या हातात होते, आणि तो गन दर मिनिटाला सोडणार, पुन्हा दाबणार.

गन बंद झाली की अनलोडर पाण्याला परत सक्शनकडे किंवा टाकीकडे वळवतो. हे तो दोन तऱ्हांनी ओळखतो. एका प्रकारात गनच्या बाजूला एनआरव्ही असते. गन सोडताच तिच्यापुढे दाब कोंडला जातो आणि तोच कोंडलेला दाब पिस्टनला ढकलून बायपास, म्हणजे पाण्याची परतीची वाट, उघडा धरतो. पंप निवांत फिरतो, पण गन पुन्हा दाबताना हाताला झटका बसतो. दुसरा प्रकार प्रवाहावर चालतो: पाणी वाहायचे थांबले की बायपास उघडतो, गनमध्ये दाब कोंडत नाही. मात्र नोझल फार बारीक असेल तर पुरेसा प्रवाहच होत नाही आणि तो गोंधळतो.

द्राक्षबागेत एचटीपी या जोरदार फवारणी पंपाने औषध फवारणारा नाशिक-सांगलीचा शेतकरी या कुळाच्या जुन्या पिढीशी रोज काम करतो. तिथे दाबाच्या स्प्रिंगवरचा रेग्युलेटर जादा पाणी रिटर्न पाइपने टाकीत सोडतो, औषधही ढवळले जाते. पण तो जोर न काढता नुसती वाट देतो: गन बंद असतानाही पंप पूर्ण दाबाशीच झगडत असतो. म्हणून त्याला वेगळी खटकी असते, ती उचलली की दाब उतरतो. खरा अनलोडर ही खटकी स्वतः उचलतो.

बायपासवर पाणी गोल फिरत राहिले की ते तापते आणि पंपाची सील जातात. बऱ्याच मशीनवर म्हणूनच साधारण ६० अंशांना उघडणारी थर्मल झडप असते, आणि छोट्या विजेच्या मशीनमध्ये गन सोडताच मोटरच बंद करण्याची सोय. नोझल झिजून दाब कमी झाला की अनलोडरचा नॉब आवळत जायचे, हा सर्रास दिसणारा उद्योग आहे. स्प्रिंग पूर्ण दबली की बायपास उघडायला जागाच उरत नाही. नवे नोझल त्यापेक्षा स्वस्त पडते. आणि अनलोडर असला तरी त्याच्याहून थोड्या वरच्या दाबाला लावलेली वेगळी सेफ्टी व्हॉल्व्ह हवीच. अनलोडर अडकला तर थांबवणारे दुसरे कोणी नसते.

कारखान्यांतल्या स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये अनलोड होणे म्हणजे हवा घेण्याचे तोंड मिटणे. पण मिटल्या तोंडानेही तो पूर्ण भाराच्या पंचवीस ते तीस टक्के वीज खातो. १९९४ मध्ये अॅटलस कॉप्कोने मोटरचा वेगच मागणीनुसार कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर आणला आणि तिथला लोड-अनलोडचा खेळ हळूहळू मागे पडू लागला. पेट्रोल इंजिनावरच्या गाडी धुण्याच्या मशीनला असली चैन नाही. पंप इंजिनाला थेट जोडलेला आणि गन माणसाच्या हातात, तोवर तिथे अनलोडर लागणारच.