चेस्टरटनचं कुंपण

चेस्टरटनचं कुंपण म्हणजे एक साधा नियम: एखादी जुनी गोष्ट का केली गेली होती हे कळल्याशिवाय ती काढायची नाही. मग तो कायदा असो, प्रथा असो, संस्था असो की बँकांवर घातलेलं एखादं बंधन. परंपरावादी, म्हणजे ज्यांना आपण सरळ कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतो ते लेखक राजकारणावर लिहोत, अर्थकारणावर लिहोत की इतिहासावर, हा दाखला कुठे ना कुठे येतोच. नाव पडलं इंग्लिश लेखक जी. के. चेस्टरटन (१८७४–१९३६) यांच्यावरून. १९२९ साली आलेल्या 'द थिंग' या त्यांच्या पुस्तकात घरसंसाराबद्दल एक निबंध आहे, त्यात हा दृष्टान्त आहे.

दृष्टान्त असा, की रस्त्यात आडवं एक कुंपण किंवा फाटक आहे. एक उत्साही सुधारक येतो, बघतो आणि म्हणतो मला याचा काही उपयोग दिसत नाही, काढून टाकू या. त्यावर दुसरा, जरा जास्त शहाणा सुधारक त्याला सांगतो की तुला उपयोग दिसत नाही ना, मग तर मी तुला हे काढू देणारच नाही, जा, विचार कर, आणि हे कशासाठी होतं ते कळलं की परत ये, मग कदाचित काढू देईन. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे दोघंही सुधारकच आहेत. कुंपण कायम राहिलंच पाहिजे असं म्हणणारा त्या गोष्टीत कोणीच नाही. चेस्टरटन यांचा मुद्दा एवढाच की कुंपण जमिनीतून आपोआप उगवत नाही, ते कोणी झोपेत चालताना बांधलेलं नसतं, कोणाला तरी वाटलं होतं की याने कोणाचं तरी भलं होईल, आणि ते काय हे माहीत नसेल तर आपल्याला त्या कुंपणाबद्दल काहीच माहीत नाही.

स्वतः चेस्टरटन काही पक्षवाले कॉन्झर्व्हेटिव्ह नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी लिहिलं होतं की पुरोगाम्यांचं काम चुका करत राहायचं आणि कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचं काम त्या चुका दुरुस्त होऊ द्यायच्या नाहीत. मोठ्या भांडवलदारांवरही त्यांचा राग होता, मालमत्ता थोड्या हातांत न राहता जास्तीत जास्त घरांत वाटलेली असावी असं ते आणि त्यांचे मित्र हिलेर बेलॉक मांडत. आणि १९०८ च्या 'ऑर्थोडॉक्सी' या पुस्तकात त्यांनी पांढऱ्या खांबाचं उदाहरण दिलंय, की खांब नुसता सोडून दिला तर तो थोड्याच दिवसांत काळा पडतो, पांढरा ठेवायचा असेल तर सारखा रंगवावा लागतो. म्हणजे टिकवायचं असेल तरी हात हलवावेच लागतात. मला वाटतं कुंपणाचा दृष्टान्त या खांबाच्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे, नाहीतर तो आळशी माणसाची सबब होऊन बसतो.

विचार मात्र चेस्टरटन यांच्या कितीतरी आधीचा आहे. ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारं पुस्तक काढलं, त्यात ते म्हणतात की एका पिढीची अक्कल थोडी असते आणि पिढ्यानपिढ्यांची साठवण मोठी, म्हणून शतकानुशतकं चाललेली इमारत पाडताना हात आखडता घ्यावा. पण ज्या राज्याकडे बदलायचं साधन नाही त्याच्याकडे टिकायचंही साधन नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. हेच बर्क अमेरिकन वसाहतींच्या बाजूने बोलले होते, आणि बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर जो महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला त्यात मुख्य फिर्यादी तेच, आणि कंपनीने हिंदुस्थानातले जुने हक्क आणि जुन्या संस्था पायदळी तुडवल्या ही त्यांची मोठी तक्रार होती. पुढे १८४० मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी दोन माणसांतला, सुधारणावादी विचारवंत बेंथम आणि परंपरेकडे झुकणारे कवी कोलरिज यांच्यातला, फरक फार नेमका सांगितला. जुनं मत समोर आलं की बेंथम विचारतात हे खरं आहे का, आणि कोलरिज विचारतात याचा अर्थ काय. कुंपणाचा नियम म्हणजे कोलरिज यांचा प्रश्न आधी आणि बेंथम यांचा नंतर.

इतिहासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रान्सचंच आहे. ऑक्टोबर १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी जुनं कॅलेंडर मोडीत काढलं, बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे, उरलेले पाच-सहा दिवस वर्षाच्या शेवटी, आणि सात दिवसांच्या आठवड्याऐवजी दहा दिवसांचा दशक. दिवसाचे तास दहा, तासाची मिनिटं शंभर, मिनिटाचे सेकंद शंभर. तशी घड्याळं खरंच बनली, दहा आकड्यांची तबकडी असलेली, आणि काहींवर नवा तास कळत नाही म्हणून जुने आकडेही छापलेले. कागदावर हिशोब एकदम सुटसुटीत. पण आठवडा हे नुसतं मोजमाप नव्हतं ना, त्यावर रविवारची प्रार्थना बसलेली, आठवडी बाजार बसलेले, मजुराची सुट्टी बसलेली, आणि आता सहा दिवस राबून मिळणारी सुट्टी नऊ दिवस राबल्यावर मिळू लागली. लोक आपला जुना रविवार पाळतच राहिले. शेवटी नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून ते कॅलेंडर बंदच केलं.

आता यातली खरी शिकवण अर्धवट सांगितली जाते म्हणून मला चीड येते. ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने दहा तासांचं घड्याळ स्थगित केलं, त्याच कायद्याने मीटर आणि ग्रॅम ही मापं ठरवून दिली, आणि ती आज जवळजवळ सगळं जग वापरतं. क्रांती तीच, कायदाही तोच. वजनमापांचा गोंधळ असा होता की गावागणिक माप वेगळं आणि त्याचा फायदा वसुली करणाऱ्याला, हे सगळ्यांना माहीत होतं, लोकांच्या तक्रारीच होत्या. म्हणजे ते कुंपण का आहे आणि कोणाच्या सोयीचं आहे हे कळलेलं होतं. आठवड्यावर काय काय बसलंय याचा तसा नीट विचार झाला नाही. नव्या मापांची सवय व्हायलाही कितीतरी दशकं गेली हे खरं, पण ती टिकली.

अर्थकारणात हा नियम जरा अवघड जातो, कारण तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचंच आपसात जमत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत ग्लास-स्टीगल कायदा आला, ठेवी घेणाऱ्या बँका वेगळ्या आणि शेअर-रोख्यांचा धंदा करणाऱ्या वेगळ्या. १९९९ मध्ये ती भिंत काढली, रिपब्लिकन काँग्रेसने मंजूर केलं, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. २००८ ला संकट आलं तेव्हा बऱ्याच जणांनी बोट दाखवलं की बघा, कुंपण काढलं. पण त्या संकटात बुडालेली लेहमन ब्रदर्स ही मुळात शेअर-रोख्यांचा धंदा करणारी बँक होती, जुना कायदा असता तरी ती बहुधा बुडालीच असती, त्यामुळे हे उदाहरण जपून वापरावं. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ च्या निबंधात दाखवलं की बाजारभावात लाखो लोकांची माहिती साठलेली असते जी एका टेबलावर बसून कोणाला गोळा करता येत नाही. हा युक्तिवाद कुंपणाचा सख्खा भाऊ आहे, तरी हायेक स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घ्यायला तयार नव्हते आणि १९६० मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही.

कुंपण नीट विचार करून काढल्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतली दारूबंदी १९२० ला सुरू झाली, ती का आणली हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेरा वर्षं परिणाम बघितले, चोरटी दारू आणि टोळ्या बघितल्या, आणि डिसेंबर १९३३ मध्ये घटनादुरुस्ती करून ती उठवली. उलट १९५८ मध्ये चीनमध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून मोहीम निघाली, लोकांनी थाळ्या-भांडी बडवून त्यांना खाली बसूच दिलं नाही, दमून पडेपर्यंत. चिमण्या किडेही खातात हे नंतर ध्यानात आलं, आणि १९६० मध्ये मारायच्या प्राण्यांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. ते कुंपण कोणी माणसाने बांधलेलं नव्हतं हे खरं, पण चूक तीच.

टीका काय होते तर हा नियम वरच्यांच्या सोयीचा आहे. इंग्लिश लेखिका मेरी वोलस्टोनक्राफ्ट यांनी बर्कना १७९० मध्येच, त्यांचं पुस्तक आल्यावर महिन्याच्या आत उत्तर दिलं होतं की परंपरेच्या नावाखाली श्रीमंतांची मालमत्ता राखली जाते आणि गरिबाच्या हालांकडे बघायला वेळ नसतो. आपल्याकडे म्हणतातच, कुंपणच शेत खातं. हा आक्षेप खोटा नाही आणि त्याला बगल देऊ नये. पण गुलामगिरीचं बघा, ती कशासाठी होती हे ब्रिटनमध्ये कोणापासून लपलेलं नव्हतं, साखरेच्या मळ्यांचा नफा. कारण कळलं, ते घाणेरडं निघालं, मग नियमाप्रमाणेच ते कुंपण पाडायला हरकत उरत नाही, आणि १८०७ ला गुलामांचा व्यापार, १८३३ ला गुलामगिरी कायद्याने संपवण्याची लढाई चालवणारे ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स काही क्रांतिकारक नव्हते. अडचण तिथे येते जिथे कारण सांगणारं कोणी उरलेलंच नसतं. किती दिवस शोधायचं याचं उत्तर चेस्टरटन यांच्याकडे नाही.

आजकाल हा शब्द राजकारणाबाहेर सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडीही ऐकू येतो. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ असते, शेजारी कॉमेंट, म्हणजे ती का आहे हे सांगणारी टीप, नाही, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, नवीन आलेला मुलगा ती उडवतो, टेस्ट पास होतात, आणि महिनाअखेरीचा रिपोर्ट चालवला की सगळं कोसळतं. म्हणून बऱ्याच टीममध्ये आता ओळ काढण्याआधी ती कोणी, कधी आणि कुठल्या बगसाठी, म्हणजे कुठली चूक दुरुस्त करायला, घातली हे हिस्टरीत, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत, बघायला सांगतात, आणि नवीन ओळ घालणाऱ्याला ती काय करते यापेक्षा का घातली ते लिहायला सांगतात.