चित्रकाराच्या रंगवापराचे संगणकीय विश्लेषण

एखाद्या चित्रकाराच्या निरनिराळ्या काळांतील चित्रांच्या डिजिटल प्रतिमांवरून रंग मोजून त्याचा रंगवापर कसकसा बदलत गेला हे तपासण्याची अभ्यासपद्धती. प्रतिमेतील प्रत्येक पिक्सेलची रंगछटा, संपृक्तता (रंग किती शुद्ध व तीव्र आहे ते) आणि उजळपणा नोंदवला जातो. आकड्यांतील अंतर डोळ्यांना जाणवणाऱ्या फरकाशी शक्य तितके जुळावे, यासाठी १९७६ मध्ये प्रमाणित झालेली ‘सीआयई लॅब’ ही रंगमापन प्रणाली बहुधा वापरतात.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–९०) या डच चित्रकाराचे काम अशा अभ्यासाला विशेष सोयीचे ठरले, कारण त्याची चित्रकारकीर्द जेमतेम दहा वर्षांची आहे आणि भाऊ थिओ याला लिहिलेल्या शेकडो पत्रांमुळे बऱ्याच चित्रांचा काळ नेमका सांगता येतो. नेदरलँड्समधील न्यूनेन येथे १८८५ मध्ये रंगवलेल्या ‘बटाटे खाणारे’ या चित्रातील चेहरे न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्याच्या रंगाचे असल्याचे त्यानेच लिहिले आहे. १८८६ मध्ये तो पॅरिसला आला आणि १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे गेला. या काळातील चित्रे उजळपणा आणि संपृक्तता या दोन अक्षांवर मांडली, की तपकिरी-काळपट कोपऱ्यातून उजळ भागाकडे झालेला प्रवास एका दृष्टिक्षेपात दिसतो. डिजिटल संस्कृतीचे अभ्यासक लेव्ह मानोविच यांनी व्हॅन गॉगची पॅरिस व आर्ल येथील चित्रे याच प्रकारे मांडून दाखवली आहेत.

संपूर्ण चित्राची सरासरी मात्र दिशाभूल करू शकते. आर्लमधील रात्रीच्या कॅफेच्या चित्रात (१८८८) पिवळा सज्जा निळ्या आकाशाला भिडलेला आहे. या दोन रंगांची सरासरी काढली तर हाती येतो तो मळकट करडा, जो चित्रात कुठेच ठळकपणे नाही. म्हणून जवळजवळचे रंग गटांत विभागून प्रत्येक गटाने किती क्षेत्र व्यापले आहे आणि कोणता रंग कोणाशेजारी येतो, हे पाहणे अधिक योग्य होय.

सर्वांत मोठी अडचण छायाचित्रणातील प्रकाशाची नसून काळाची आहे, कारण संगणक मोजतो तो आजचा रंग. व्हॅन गॉगने वापरलेला इओसिन या कृत्रिम रंजकाचा लाल रंग प्रकाशाने उडतो, तर क्रोम पिवळा रंग काळवंडतो. ‘शयनगृह’ या चित्रातील भिंती फिकट जांभळ्या असल्याचे त्याने पत्रात लिहिले आहे. लाल उडाल्यामुळे त्या आज निळ्या दिसतात. केवळ प्रतिमांवर विसंबणारा अभ्यासक त्यामुळे चित्रकाराच्या निवडीऐवजी रंगद्रव्याची झीज मोजून बसतो. इओसिनमध्ये ब्रोमिन असते, त्यामुळे क्ष-किरण प्रतिदीप्तीने (क्ष-किरण पडल्यावर मूलद्रव्यांतून निघणाऱ्या किरणांवरून ती ओळखण्याच्या तंत्राने) ब्रोमिन कुठे आहे याचा नकाशा काढून लाल रंगाची मूळ जागा शोधता येते आणि त्यावरून पूर्वीच्या रंगांची डिजिटल पुनर्रचना करता येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील ‘आयरिस’ फुलांच्या चित्राची (१८९०) आज जवळजवळ पांढरी दिसणारी पार्श्वभूमी मुळात गुलाबी होती.