स्क्रू जेवढा घट्ट, तेवढा नेम पक्का? नाही!

एअर रायफलला नवा लाकडी दस्ता बसवला की लातूर-नांदेडकडे कुणीतरी हमखास सांगतं, "दस्त्याचे स्क्रू जीव लावून आवळ, नेम हलणार नाही." कृपा करून असं करू नका. जास्त आवळलं की लाकूड दबतं, रायफलचा धातूचा भाग किंचित वाकतो आणि छर्रे फाकतात. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, तिथे एवढंसं वाकणंही महागात पडतं.

रायफल रिकामी आहे ना, पाहा. मग नळी आणि लाकडाच्या सांध्यावर बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली नळी उचलल्यासारखी वाटली, तर बैठक, म्हणजे धातूचा भाग लाकडात बसण्याची जागा, चुकलीय. ती आधी सुधारा, मग टॉर्क पान्याने (किती जोराने आवळायचं ते ठरवता येणारा पाना) कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याएवढंच आवळा.

रेंजवर एकाच डब्यातले छर्रे, एकच टेकू, पाच-पाच छर्र्यांचे निदान पाच गट, म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या छर्र्यांचे पुंजके. नेम सरकलेला दिसेल. ते साहजिकच आहे, साइट (नेम धरायची खूण) फिरवून जुळतं. गट फाकणं मात्र वेगळं दुखणं.

आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. म्हणून मृगाचा पाऊस पडला की स्क्रू पुन्हा तपासा.