बंदूक परत घेण्याच्या सरकारी योजना: पात्रता, कागदपत्रं आणि जमा झालेल्या बंदुकीचं पुढे काय होतं

बंदूक द्या, पैसे घ्या. वरवर पाहिलं तर योजना एवढीच असते. पण पात्रतेचा परिच्छेद नीट वाचला, तर ती कितपत चालणार हे बरंचसं तिथंच कळतं. म्हणून आधी पात्रता पाहू, गुण-दोष नंतर.

या योजना मुळात दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात सरकार एखाद्या जातीच्या बंदुकीवर बंदी घालतं आणि ती बाळगणाऱ्याला ठरावीक मुदतीत भरपाई देऊन ती ताब्यात घेतं. मुदत संपली की तीच बंदूक गुन्हा ठरते. दुसऱ्या प्रकारात बंदी नसते, सक्ती नसते. एखाद्या शहराचे पोलीस सुट्टीच्या दिवशी मैदानात टेबल मांडतात, ज्याला द्यायची तो देतो. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे चर्चेत फार घोळ होतो.

पहिल्या प्रकारची कार्यपद्धती समजून घ्यायला न्यूझीलंडचं उदाहरण सगळ्यात सोयीचं. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. एप्रिलमध्येच संसदेनं ११९ विरुद्ध १ मतानं कायदा बदलला आणि बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका (चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते), त्यांची मोठी मॅगझिन म्हणजे गोळ्यांच्या पेट्या आणि काही सुटे भाग बेकायदा ठरवले. दहापर्यंत गोळ्यांचं मॅगझिन असलेल्या पॉइंट टू-टू रिमफायर, म्हणजे लहान गोळीच्या हलक्या रायफली वगळल्या. शेतकऱ्यांना आणि शिकाऱ्यांना त्या लागतात. २० जून ते २० डिसेंबर २०१९ हा अभयकाळ. या काळात बंदूक आणून दिली तर बेकायदा बाळगल्याचा खटला नाही.

पैसे मात्र सगळ्यांना नाहीत. भरपाईसाठी वैध शस्त्र परवाना हवा आणि ती वस्तू बंदीपूर्वी कायदेशीररीत्या तुमच्याकडे असायला हवी. परवाना नसलेल्यानं बंदूक आणून दिली तर त्याला अभय मिळतं, मोबदला नाही. हे ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण नाहीतर चोरीच्या मालाला सरकारनंच गिऱ्हाईक मिळवून दिल्यासारखं झालं असतं.

अर्ज ऑनलाइन करायचा किंवा पोलिसांना फोन करून. त्यात परवाना क्रमांक, बंदुकीची कंपनी आणि मॉडेल, सुट्या भागांची यादी, बँक खात्याचा तपशील. संकलनाच्या दिवशी ओळखपत्र, परवाना आणि रिकामी केलेली बंदूक घेऊन ठरलेल्या जागी जायचं. तिथं शस्त्रांचा जाणकार ती तपासून दर्जा ठरवतो. प्रत्येक मॉडेलची मूळ किंमत आधीच जाहीर केलेली. नवी किंवा नव्यासारखी असेल तर त्या किमतीच्या ९५ टक्के, वापरलेली पण चांगली असेल तर ७० टक्के, खराब असेल तर २५ टक्के. पैसे खात्यात जमा होतात. १३ जुलैला क्राइस्टचर्चमध्ये पहिलं संकलन झालं, तेव्हा १६९ जणांनी २२४ बंदुका दिल्या. बंदूक द्यायचीच नसेल तर परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून तिच्यात बदल करून ती कायद्यात बसवून घेण्याचीही सोय होती. कीटक-प्राणी नियंत्रण करणारे व्यावसायिक आणि संग्राहक यांना सूट मागता येत होती, पण त्यासाठी वेगळा अर्ज.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट नोंदवण्यासारखी. डिसेंबर २०१९ मध्ये या योजनेच्या ऑनलाइन यंत्रणेत एका शस्त्रविक्रेत्याला इतर मालकांची माहिती दिसली आणि पोलिसांना ती यंत्रणा बंद करावी लागली. कोणाच्या घरी कोणती बंदूक आहे ही यादी चोरासाठी काय मोलाची, हे सांगायला नको. ‘आमची माहिती गोळा करू नका’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

शेवटी सुमारे ५६,००० बंदुका आणि १,८८,००० सुटे भाग जमा झाले. हे यश की अपयश? कोणालाच नेमकं सांगता येईना, कारण देशात अशा एकूण बंदुका किती याची नोंदच नव्हती. आधीचा अंदाज ५५,००० ते २,४०,००० असा ऐसपैस होता. म्हणजे काम जवळजवळ पूर्ण झालं, किंवा पाव भागही झालं नाही. प्रत्येक बंदुकीची नोंदवही २०२३ मध्ये सुरू झाली. माझ्या मते हा क्रमच उलटा होता.

ऑस्ट्रेलियाचा दाखला सगळे देतात. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथं ३५ माणसं मारली गेली, त्यानंतर अर्धस्वयंचलित रायफली आणि पंप-ॲक्शन शॉटगनवर (पुढची मूठ मागेपुढे सरकवून भरायच्या, छर्ऱ्यांच्या बंदुका) बंदी आली. सुमारे ६,५०,००० बंदुका सरकारजमा झाल्या, देशातल्या एकूण बंदुकांचा अंदाजे पाचवा हिस्सा. खर्चासाठी आरोग्य विम्याचा मेडिकेअर कर एका वर्षापुरता ०.२ टक्के-बिंदूंनी वाढवला होता. १९७९ ते १९९६ या काळात पाच किंवा जास्त बळी गेलेल्या गोळीबाराच्या १३ घटना झाल्या होत्या. १९९७ ते २०१६ या काळात एकही नाही. बंदुकीनं होणाऱ्या आत्महत्याही झपाट्यानं घटल्या. मात्र बंदुकीचे मृत्यू १९९६ आधीपासूनच कमी होत होते, त्यामुळे श्रेय किती द्यायचं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. शिवाय तिथं नुसती खरेदी नव्हती. परवान्यासाठी सबळ कारण दाखवणं, प्रतीक्षा काळ, नोंदणी, हे सगळं एकदमच आलं.

आता दुसरा प्रकार, अमेरिकी शहरांतला. पात्रता जवळजवळ शून्य. ओळखपत्र नको, प्रश्न विचारले जात नाहीत. बंदूक रिकामी करून गाडीच्या डिकीत ठेवा, तुम्ही गाडीतच बसा, पोलीस काढून घेतील आणि हातात गिफ्ट कार्ड देतील. अट एखादीच असते, बंदूक चालू स्थितीत हवी. १९७४ मध्ये बाल्टिमोरनं प्रत्येकी ५० डॉलर देऊन सुमारे १३,५०० बंदुका घेतल्या आणि नेमक्या त्याच काळात बंदुकीचे खून वाढले. १९९१ ते २०१५ मधल्या अनेक शहरांचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासातही बंदुकीच्या गुन्ह्यांवर परिणाम आढळला नाही. कारण उघड आहे. येतात त्या माळ्यावरच्या गंजक्या, आजोबांच्या, कोणी न वापरणाऱ्या. आणि मिळालेल्या पैशांत दुकानातून नवी घेता येते. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथं एकानं घरच्या थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून आणले आणि २१,००० डॉलरची कार्डं नेली! अटींची भाषा त्यानंतर बदलली. तरीही घरात निराश किंवा चिडलेला माणूस असेल, लहान मुलं असतील, तर त्या एका घरापुरती बंदूक बाहेर जाणं ही छोटी गोष्ट नाही. शहराच्या आकडेवारीत ती दिसत नाही, एवढंच.

जमा झालेल्या बंदुकीचा आधी अनुक्रमांक तपासला जातो. चोरीची निघाली तर मूळ मालकाला परत, गुन्ह्यात वापरलेली असेल तर पुरावा म्हणून पोलिसांच्या ताब्यात. बाकीच्यांचा नाश. न्यूझीलंडमध्ये हायड्रॉलिक यंत्रात दाबून मोडत. लॉस एंजेलिस परगण्यातल्या बंदुका पोलाद कारखान्याच्या भट्टीत वितळवून बांधकामाच्या सळया केल्या गेल्या. मेक्सिकोतल्या कुलियाकान शहरात जमा झालेल्या १,५२७ बंदुकांचं झाडं लावायच्या तेवढ्याच फावड्यांत रूपांतर करून वृक्षारोपण केलं गेलं.

पण ‘नष्ट केली’ या शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नये. अमेरिकी कायद्यात बंदूक म्हणजे मुख्यतः तिचा सांगाडा, ज्यावर अनुक्रमांक असतो. तेवढा भाग चिरडला की कागदोपत्री बंदूक संपली. नळी, दस्ता, चाप हे उरलेले भाग संच म्हणून ऑनलाइन विकणारे ठेकेदार आहेत आणि पोलिसांकडून ते नाशाचे पैसे घेत नाहीत, हे २०२३ मध्ये एका वृत्तपत्रानं उघड केलं. ॲरिझोनात तर २०१३ च्या कायद्यानं जमा बंदुका नष्ट करण्यालाच मनाई केली. टूसान शहर नष्ट करत राहिलं आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरलं. केंटकीत त्यांचा लिलाव होतो.

म्हणून देण्याआधी आयोजकाला विचारा: पूर्ण बंदूक नष्ट होणार की फक्त सांगाडा? ठेका कोणाकडे? नाशाची लेखी नोंद मिळेल का? आणि बंदूक कोणत्याही देशात द्यायची असो, ती हातात घेऊन थेट पोलीस ठाण्यात शिरू नका. आधी फोन करा, कशी आणायची ते ऐका. रिकामी करता येत नसेल तर हात लावू नका, पोलिसांनाच घरी बोलवा.