फांदी रुजली, बी धरेना

मृग लागला की धरमपेठेतल्या आमच्या अंगणात कुणी ना कुणी येतंच. "काकू, अनंताची एक फांदी द्या ना." मी वीतभर फांदी तिरकी कापून देते, ती रुजतेही. पण भरगच्च पाकळ्यांच्या या अनंताला फळ धरलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणजे गल्लीत पसरलेली ही सगळी झाडं खरं तर एकच झाड आहे. उद्या त्याला न पेलणारा रोग आला, तर सगळी एकदमच जातील.

अनंत कॉफीच्या कुळातला. याच कुळातलं एक झुडूप हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर आहे. बेट मॉरिशस देशाच्या ताब्यातलं, जेमतेम 108 चौरस किलोमीटरचं. तिथले लोक त्याला 'काफे मारों' म्हणजे रानकॉफी म्हणतात. शास्त्रीय नाव रामोस्मानिया रॉड्रिग्जी. जंगल तुटलं, माणसांनी आणलेली गुरं-शेळ्या मोकाट चरल्या, आणि हे झुडूप नामशेष झालं असं सगळे धरून चालले. मग 1980च्या सुमारास वर्गात शिक्षकांनी दाखवलेल्या जुन्या चित्रावरून एका शाळकरी मुलाने ते ओळखलं. एकच झुडूप उरलं होतं! बातमी फुटताच लोक औषधासाठी त्याच्या फांद्या मोडू लागले. शेवटी कुंपण घालावं लागलं.

1986 मध्ये त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतली एक रुजली. चांदणीसारखी पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं वर्षानुवर्षं येत राहिली, फळ मात्र धरेना. हातानं परागकण लावूनही उपयोग होत नव्हता. तिथले उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी वेगळीच युक्ती केली. स्त्रीकेसराचं टोक कापलं आणि त्या ओल्या कापावरच परागकण ठेवले. एका फुलावर, दुसऱ्यावर, पुन्हा पुन्हा. अखेर फळ धरलं. मला या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात. पुढे बिया आणि रोपं रॉड्रिग्जला परत गेली.

त्या बियांतून उगवलेल्या रोपांची पानं मोठ्या झाडासारखी हिरवी, रुंद नव्हती. लांबट, अरुंद, तपकिरी, वाळल्यासारखी होती. बेटावर पूर्वी महाकाय कासवं होती. त्यांनी तोंड लावू नये म्हणून लहानपणीचं हे रूप असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कासवं केव्हाच संपली. लंडनच्या काचघरातलं रोप मात्र त्यांच्यापासून अजून लपत होतं.