मामाचा राउटर आणि ५५८ किलोहर्ट्झ

पाऊस धरला की गिरगावातून मामाचा फोन येतो. "अरे, परत गेलं नेट. ते डबडं बंद-चालू करून कंटाळलो मी." चाळीत बाकी सगळ्यांकडे फायबर आलंय पण मामाला लँडलाइनचा जुना नंबर सोडायचा नाही, त्यामुळे त्याचं नेट अजून त्या तांब्याच्या दोन तारांवरूनच येतं. मी त्याला दरवेळी सांगतो की बंद-चालू करू नकोस, कारण तसं केलं की राउटरने मोजून ठेवलेलं बरंचसं पुसलं जातं आणि मग मी येऊन बघू काय, कप्पाळ?

फोनवरचं बोलणं त्या तारेतला जेमतेम ४ किलोहर्ट्झचा भाग वापरतं. एडीएसएल२प्लस, म्हणजे त्याच तारेवरून नेट आणायची पद्धत, त्याच्या वर थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि त्या सगळ्या जागेचे ४.३ किलोहर्ट्झचे ५१२ तुकडे पाडतं. पेटीच्या पट्ट्याच समजा. लाइन जोडताना राउटरमधला मॉडेम एकेक पट्टी वाजवून बघतो, स्वच्छ वाजली तर तिच्यावर एका वेळी १५ बिटपर्यंत लादतो, बेसूर वाटली तर दोन-तीन, अगदीच वाईट असेल तर ती सोडूनच देतो. हे सेकंदाला ४००० वेळा चालतं, म्हणजे १० बिटवाली एक पट्टी ४० केबीपीएस (सेकंदाला ४० हजार बिट) देते. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमचा स्पीड.

काही राउटर याचा ग्राफ दाखवतात. मामाच्या ग्राफमध्ये १२९ नंबरच्या पट्टीच्या आसपास एक खड्डा होता, हिशोब केला तर ५५८ किलोहर्ट्झ. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी! लांबलचक तार म्हणजे अँटेनाच की, रेडिओ पकडणारच, आणि मॉडेम बिचारा तेवढ्या पट्ट्या जपून वाजवतो. मामा एकदम खूश, म्हणाला नेट नसलं तरी रेडिओ आहे आपल्या तारेत.

ब्राउझरमध्ये बहुतेक १९२.१६८.१.१ टाकलं की राउटरचं पान उघडतं (पासवर्ड अजून अॅडमिन-अॅडमिन असेल तर आधी तो बदला, प्लीज). तिथे स्टेटसमध्ये दोन आकडे बघायचे. एक अॅटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती मेला ते. मामाकडे ३० डेसिबल, म्हणजे निघालेल्या ताकदीचा हजारावा भाग घरी पोचतो. हा तारेच्या लांबीवर असतो, रोज फारसा हलत नाही. दुसरा एसएनआर मार्जिन, गोंगाट वाढला तर लाइन टिकायला हातात शिल्लक किती ते. मॉडेम साधारण ६ डेसिबल राखायला बघतो, शून्याकडे आलं की लाइन तुटते आणि परत सगळ्या पट्ट्या वाजवायची सुरुवात. मामाकडे कोरड्या दिवशी ९ असायचं, मी गेलो त्या पावसाच्या दिवशी ३, मधूनच १, आणि सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळत होता.

मार्जिन रोज ठरावीक वेळी पडत असेल तर घरातलाच एखादा स्वस्त चार्जर किंवा फिल्टर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) न लावलेला दुसरा फोन बघा. पावसातच पडत असेल आणि फोनवर खरखरही असेल तर बाहेरचा जॉइंट भिजलाय, राउटर नवा आणून काही होत नाही. बाकी सेटिंगमध्ये उगाच हात घालू नका, विशेषतः व्हीपीआय-व्हीसीआय (कंपनीने ठरवून दिलेले जोडणीचे आकडे), आणि मागच्या रीसेटच्या भोकात टाचणी तर नकोच. शेजारच्या पोराने एकदा घातली होती, सगळं कोरं झालं आणि मामाला पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचा पासवर्ड आठवेना.

मी तात्पुरतं मॉड्युलेशन (सिग्नल पाठवायची पद्धत) जी.डीएमटी या जुन्या एडीएसएलवर नेलं, ते १.१ मेगाहर्ट्झवरच थांबतं आणि वरच्या नाजूक पट्ट्या सोडून देतं. स्पीड ११ एमबीपीएसवरून ७ वर आला पण लाइन तुटायची थांबली. चार दिवसांनी लाइनमन आला, त्याला मी मोबाइलवर काढलेले आकड्यांचे फोटो दाखवले, तो काही न बोलता सरळ खाली डीपीकडे, म्हणजे तारा जोडायच्या डब्याकडे गेला. आतला जॉइंट हिरवा पडला होता. कापून नवा केला, मार्जिन परत ९, आणि मामाने सवयीने जाऊन राउटर बंद-चालू केला.